वळसा घालणारा टाका

प्रिय ठमे,

डॉक्टरांनी तुला अजून काही दिवस जिने चढायचे नाहीत असं बजावलंय, आणि तू मैत्रिणीच्या सोफ्यावर लोळत तिच्या डोक्याला ताप देत असशील, हे मला इथून दिसतंय. लोळ. या वेळी माझी हरकत नाही. हे पत्र मात्र दिवसाउजेडी वाच, पोटात काहीतरी घालून वाच आणि एका बैठकीत वाच. मधेच फोन करून “आई, हे काय लिहिलंयस?” असं विचारू नकोस. फोनवर हे मला सांगता येत नाही. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा हवापाण्याच्या गप्पा मारून फोन ठेवला.

इस्पितळात तू डोळे उघडलेस तेव्हा मला पहिलं काय विचारलंस, आठवतं? “आई, तुला कसं कळलं?” मी म्हटलं, “आईला कळतं.” तू माझ्याकडे बघितलंस आणि कूस बदललीस. तुला पटलं नाही हे मला तेव्हाच समजलं. पटण्यासारखं नव्हतंच ते. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं, ठमे. त्या दुपारी मी मजेत होते. तुझी आठवणसुद्धा काढली नव्हती. सकाळभर पाणी खात्याच्या तक्रार खिडकीत बसून लोकांच्या शिव्या खाल्ल्या, डबा संपवला आणि सुई-दोरा घेऊन गोधडीच्या वर्गाला गेले.

वर्गाचं तुला सांगितलं होतं. “बरं झालं, तेवढाच विरंगुळा,” असं म्हणून तू विषय बदलला होतास. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. जिन्यात मशीनच्या तेलाचा वास, वर तीन मोठ्या खिडक्या, मधे एक भलंमोठं टेबल. वर्ग घेणाऱ्या बाई पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायच्या. गुडघ्यांनी दगा दिला तसा खडू सोडून सुई धरली, असं त्याच सांगतात. काठी टेकत टेबलाभोवती फिरतात आणि मागून येऊन खांद्यावरून बघतात. कुणाच्या टाक्यात खोट असेल तर काठी थांबते. काठी थांबली की आम्ही उसवायलाच घेतो. आम्ही तिघंच शिकायला. एक मी. दुसरे घड्याळजी, साठी उलटलेले, डोळ्याला भिंग लावून आयुष्यभर घड्याळं उघडली. आता घड्याळं कुणी दुरुस्त करत नाही, म्हणून बोटांना काम हवं. तिसरी दातवाली. ती दातांच्या दवाखान्यात खुर्चीपाशी उभी राहून डॉक्टरांच्या हातात अवजारं देते. जीभ अशी तिखट की भूल न देता दात काढावा. बाई मला “पाणीवाल्या बाई” म्हणतात आणि दोरा संपला की “आज नळाला पाणी नाही वाटतं” म्हणून चिडवतात. एकंदरीत बरं चाललं होतं.

साधी गोधडी आम्ही शिकलो होतो. या खेपेला बाईंनी नवी शिवण काढली. त्या तिला पडसादाची शिवण म्हणतात. करायची अशी: वरचं कापड, मधे कापसाचा पातळ थर, खाली अस्तर, तिन्ही कच्च्या टाक्यांनी जोडून घ्यायचे. मधोमध एक कापडी पान शिवायचं. मग पानाच्या कडेकडेनं, बोटभर अंतर सोडून, धावदोऱ्याची एक ओळ घालायची. तिच्या बाहेरून तेवढ्याच अंतरावर दुसरी. मग तिसरी. असं काठापर्यंत. पाण्यात खडा टाकल्यावर वलयं जातात ना, तशा ओळी जातात. गंमत अशी, की खडूनं आखायचं नाही, पट्टी लावायची नाही. “ओळीनं मागच्या ओळीला विचारत जायचं,” बाई म्हणाल्या. “डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा आणि पुढं चला. चुकलात तर पुढची ओळ तुमची चूक मोठी करून दाखवेल.”

सरावासाठी प्रत्येकानं वीतभर लांबी-रुंदीचे तीन चौकोन करायचे, घरी बसून. नऊ चौकोन झाले की बाई ते जोडणार आणि त्याचं एक छोटं पांघरूण होणार, बाहुलीला पुरेल एवढं. कापड सगळ्यांना एकच, फिकट करडं. दोरा पांढरा.

पहिला चौकोन मी आपल्या जेवणाच्या टेबलावर केला. पानाभोवतीच्या पहिल्या दोन ओळी झकास गेल्या. तिसरी ओळ उजव्या कोपऱ्याकडे आली आणि वाकली. मी वाकवली नाही. मी सरळच चालले होते, पण संपल्यावर बघते तर ओळ कोपऱ्याच्या अलीकडूनच वळसा घालून मागे आलेली. मनात म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला. उसवली, पुन्हा घातली. पुन्हा तेच. चौथी ओळ तिसरीला विचारत गेली आणि तीही वळली. शेवटी कोपऱ्यात एक गुळगुळीत मोकळी जागा राहिली, टाका नसलेली, किंचित फुगलेली, कारण आजूबाजूचा कापूस तिथं लोटला गेला होता.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. दुसऱ्या चौकोनाला मी मुद्दाम ठरवलं, की मेल्या ओळीला त्या जागेतून सरळ न्यायचंच. सुई तिथं नेली. सुई अडली नाही, बोचली नाही, काही नाही. माझाच हात नको म्हणाला. खोलीत कुणी झोपलं असलं की आपण दिवा न लावता, अंथरुणाच्या कडेकडेनं, पाऊल न वाजवता जातो. अगदी तसं माझं बोट त्या जागेच्या कडेकडेनं गेलं. मी श्वास रोखून धरला होता हे मला ओळ संपल्यावर समजलं.

त्याच सुमारास तुझे रविवारचे फोन आखडू लागले होते. डोकं दुखतंय म्हणायचीस. रात्रपाळीमुळे असेल. दिवसभर झोपून उठलं तरी अंग मोडून येतं, म्हणायचीस. खिडकीतलं झाड वाळलं म्हणालीस तेव्हा मी तुला पाणी जास्त झालं असेल म्हणून शहाणपण शिकवलं. नव्या जागेत ऊब कशी आहे विचारलं, तर म्हणालीस, “मस्त आहे, आई. हीटर लावला, खिडक्या गच्च बंद केल्या, पडदे ओढले, की दुपार आहे की मध्यरात्र कळत नाही. मेल्यासारखी झोपते.” मी म्हटलं, “असं बोलू नये.” तू हसलीस. हे सगळं मला ऐकू येत होतं आणि काही कळत नव्हतं. आईला कळतं, म्हणे!

वर्गात चौकोन दाखवायची वेळ आली तेव्हा मी माझे तिन्ही पिशवीतच ठेवले. दातवालीही तिचे काढेना. एरवी सगळ्यांच्या आधी मिरवणारी ती! शेवटी घड्याळजींनी घसा साफ करून आपले टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “बाई, माझा हात बिघडला. चाळीस वर्षांत केसाएवढी स्प्रिंग हलू दिली नाही मी, आणि इथं ओळ वाकते. तिन्हीत वाकते. मला कुठला आजार तर नाही ना जडत?” त्यांचा चेहरा उतरला होता. ते बघून मी माझे काढले, दातवालीनंही काढले. सगळ्यांत तेच. प्रत्येक चौकोनात कुठल्यातरी कडेला, कुठल्यातरी कोपऱ्यात, ओळी वळसा घेऊन मागे फिरलेल्या.

बाईंची काठी थांबली. आम्ही बोलणी खायला तयार झालो. पण एक चौकोन उचलून त्यांनी खिडकीपाशी नेला, मोकळ्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “तुम्ही एकमेकांच्या घरी बसून केलंत का?” नाही म्हटलं. “माझी चेष्टा करताय का?” तीही नव्हती.

घड्याळजींना स्वस्थ बसवेना. ते चौकोन टेबलावर मांडू लागले, फिरवू लागले, या कडेला ती कड लावून बघू लागले. “वळण वळणाला जुळतंय,” ते पुटपुटले, “चाकात चाक बसतं तसं.” आधी कुणी लक्ष दिलं नाही. दातवाली म्हणाली, “आजोबा, तुमचं घड्याळ बंद पडलं, आता कोडी सोडवा.” आणि मग तीच टेबलावर वाकली. कारण नऊ चौकोन जागेवर बसले होते आणि मधे कुणीतरी निजलेलं होतं.

मी कसं सांगू तुला? नऊ पानं पडलेली, त्यांच्यातून पांढऱ्या ओळी वाहतायत, आणि ओळी जिथून जिथून वळल्या होत्या त्या सगळ्या मोकळ्या जागा एकमेकींना मिळून एक अंग झालेलं. वाकलेली पाठ. पोटाशी घेतलेले गुडघे. एक हात डोक्यावरून, कोपरात मुडपलेला. चेहरा नव्हता, काही नव्हतं, नुसती टाके नसलेली जागा. पण बघणाऱ्यानं आवाज खाली करावा इतकी ती झोप खरी होती. दातवाली हळूच म्हणाली, “बाई, हे काय आहे?” बाई म्हणाल्या, “काय आहे ते दिसतंय. कोण आहे ते विचार.”

आणि तेव्हा मी पाय बघितला. घड्याळजींच्या चौकोनात, खालच्या कोपऱ्यात. उजवा पाय, घोट्यातून आत वळलेला.

तू गच्चीच्या कठड्यावरून पडलीस तेव्हा सहा वर्षांची होतीस. हाड नीट बसलं नाही. जागेपणी तू तो पाय इतका सफाईनं टाकतेस की कुणाला कळत नाही, पण झोपलीस की तो आत वळतो. बाबा होते तेव्हा ते रोज जाता जाता तुझ्या पायावर पांघरूण ओढायचे. जगात तो पाय ओळखणारी आता मी एकटीच. मी खुर्चीवरून उठले ते मला आठवत नाही. दातवालीनं नंतर सांगितलं, की मी अगदी शांतपणे, ऑफिसात बोलते तशा आवाजात म्हणाले, “ही माझी मुलगी आहे. मला फोन करायचा आहे.”

तुझा फोन वाजत राहिला. मी ठेवून पुन्हा लावला. बाई म्हणाल्या, “रात्रपाळीची मुलगी, दुपारी झोपली असेल. उगाच घाबरू नका.” बरोबर होतं त्यांचं. अर्धं मिनिट मीही तेच स्वतःला सांगितलं. मग मला तुझ्या खोलीखालच्या बेकरीवालीचा नंबर आठवला. तुझा फोन पाण्यात पडला होता तेव्हा तू तिच्याकडून केला होतास आणि मी तो ‘पाव’ म्हणून साठवून ठेवला होता.

बेकरीत गर्दीची वेळ. ती चढ्या आवाजात “बोला” म्हणाली. मी म्हटलं, “मी वरच्या मुलीची आई. कृपा करून वर जाऊन तिचं दार वाजवा.” ती म्हणाली, “अहो, माझे हात पिठात आहेत, समोर गिऱ्हाईक उभं आहे. झालंय काय?” आता तिला काय सांगू? गोधडीच्या चौकोनात पाय दिसला म्हणून? मी म्हटलं, “बाई, मला वेडी म्हणा. नंतर हवं तेवढं हसा. पण आत्ता जा.” मग तिनं फोन तसाच काउंटरवर ठेवला, कुणालातरी “भट्टीकडे बघ” म्हणाली, आणि तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. मी ऐकत राहिले. दुकानाच्या दाराची घंटी वाजत होती, कुणीतरी बिस्किटांचा भाव विचारत होतं, एक मूल रडत होतं. आमच्या खोलीत कुणी हलत नव्हतं. घड्याळजी एका हातानं माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. मग तिकडं वरून एकदम धावपळ ऐकू आली आणि ती ओरडली, “खिडक्या फोडा! खिडक्या फोडा आधी!”

पुढचं तुला डॉक्टरांनी सांगितलंच आहे. गॅसच्या हीटरचं धुराडं वरून चोंदलेलं. ज्या वायूला रंग नाही, वास नाही, तो खोलीत साठत गेला, रोज थोडा थोडा. म्हणून डोकेदुखी, म्हणून ते झाड. त्या दिवशी थंडी जास्त होती, तू हीटर वाढवून झोपलीस. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “आणखी थोडा वेळ गेला असता तर आपण हे बोलत नसतो.” ते मी तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. आता सांगते.

पण डॉक्टरांनाही माहीत नसलेलं एक आहे. तू इस्पितळात झोपली होतीस तेव्हा मी बेकरीवालीचे आभार मानायला गेले. तिनं मला भट्टीमागं स्टुलावर बसवलं. बरीच चुळबुळ करत होती. मी म्हटलं, “तुम्ही दार तोडलंत म्हणून माझी पोर वाचली.” तर ती म्हणाली, “तेच तर तुम्हाला सांगायचं आहे. मी दार तोडलं नाही.”

ती हातोडी घेऊन वर गेली होती. दार वाजवलं, हाका मारल्या. दार आतून बंद होतं, तिनं खांद्यानं रेटून बघितलं होतं. हातोडी उगारली आणि आतून कडी निघाल्याचा आवाज आला. “हळू निघाली,” ती म्हणाली. “वयस्क माणूस काढतं तशी, किंवा आजारी माणूस. मला वाटलं, मुलगी उठली. म्हटलं, कशाला आपण एवढा आरडाओरडा केला. दार ढकललं. कोंडलेल्या भट्टीसारखी जड हवा तोंडावर आली. दारापाशी कुणी नाही. आणि तुमची मुलगी पलंगावर, भिंतीकडे तोंड करून, हात डोक्यावर. तिच्या नाकाला मी बोट लावलं, ताई. ती उठून दारापर्यंत येऊन परत जाऊन झोपलेली नव्हती. ते शक्यच नव्हतं.”

तिनं दुकानाच्या पुढच्या भागाकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज उतरवला. तुझ्या आधी त्या खोलीत एक बाई राहायची. एकटी, शांत, पन्नाशीच्या आसपासची. कुठंतरी कपड्यांना इस्त्री करण्याचं काम करायची. जाता-येता मान हलवायची तेवढीच ओळख. गेल्या हिवाळ्यात ती दिसेनाशी झाली. बेकरीवालीला वाटलं, गावी गेली असेल. घरमालक भाडं मागायला आला तेव्हा दार फोडावं लागलं. पलंग आणि दार यांच्यामधे ती जमिनीवर पालथी पडलेली होती. उजवा हात पुढं ताणलेला, कडीपासून हातभर अंतरावर. “हृदय बंद पडलं, असं मालकानं सगळ्यांना सांगितलं,” बेकरीवाली म्हणाली. “त्यानं भिंतींना रंग दिला आणि तुमच्या मुलीला जागा दाखवली. मी तुमच्या मुलीला सांगायला हवं होतं. पण दुसऱ्याची जागा, आपण कशाला बोला, असं वाटलं.” आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली.

मी घरी परतले, तुला मैत्रिणीच्या हवाली करून. वर्गात गेले तर नऊ चौकोन तसेच टेबलावर होते. बाईंनी ते जोडले नव्हते की हलवले नव्हते. “तुम्ही येईपर्यंत हात लावू नये असं वाटलं,” म्हणाल्या. मी त्यांना बेकरीवालीचं काही सांगितलं नव्हतं. मी नुसतीच बघत उभी राहिले. तुझ्या पाठीमागं, दातवालीच्या आणि माझ्या चौकोनांमधून, आणखी एक अरुंद मोकळी पट्टी गेली होती. पहिल्या दिवशी आम्हाला ती तुझ्या अंगावरून घसरलेल्या पांघरुणासारखी वाटली होती. घड्याळजींनी माझी नजर कुठं आहे ते बघितलं आणि आपलं भिंग माझ्या हातात दिलं. ते पांघरूण नव्हतं. पालथं पडलेलं एक माणूस होतं. आणि त्याचा एक हात वर, लांब, चौकोनाच्या अगदी काठापर्यंत ताणलेला. तो तुझ्या अंगावर नव्हता, ठमे. तुला धरायला आलेला नव्हता. तो तुझ्यापासून उलट दिशेला, दाराकडे होता.

घाबरले मी, खोटं कशाला सांगू. तिन्हीसांजेला अजून घरातले सगळे दिवे एकदम लावते. पण त्या दिवशी भिंग डोळ्याला लावून मी बराच वेळ तो हात बघितला आणि माझ्या मनात एकच आलं: मागच्या खेपेला हातभर कमी पडलं होतं. या खेपेला पोचला.

मला वाटलं होतं, आता हे संपलं. तू वाचलीस, खिडक्या उघडल्या गेल्या, धुराडं साफ झालं. म्हणून परवा सुट्टीच्या दिवशी, लख्ख उन्हात, आपल्या खिडकीपाशी बसून मी नवा चौकोन लावला. बाईंनी सांगितला नव्हता. माझा मीच, मन रमवायला आणि खरं सांगायचं तर खात्री करून घ्यायला. मधे एक पान शिवलं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. मला हायसं वाटलं. मी गाणंसुद्धा गुणगुणत होते. चौथ्या ओळीला हात आपोआप हलका झाला, श्वास आपोआप धरला गेला, आणि ओळ वळली. संध्याकाळपर्यंत मी शिवत राहिले. थांबावंसं वाटेना आणि पुढं जाववेना. या वेळी तू त्यात नाहीस. शपथेवर सांगते, तुझा मागमूस नाही. एकच अंग आहे, पालथं, आणि आता हात पुढं ताणलेला नाही, अंगाशी दुमडलेला आहे. दमून पडल्यासारखा. ती अजून तिथंच आहे.

काल तू फोनवर म्हणालीस, की मालकानं नवं धुराडं बसवलंय, भाडंही कमी करतो म्हणतोय, आणि पुढच्या आठवड्यात तू परत राहायला जाणार. मी “बघू” म्हणाले आणि हे पत्र लिहायला घेतलं. तू तिथं राहू नकोस, एवढं माझं ऐक. पण मी हे लिहिलं ते तेवढ्यासाठी नाही. किल्ली परत द्यायला जाशील तेव्हा भर दिवसा जा, बेकरीवालीला बरोबर घे, आणि मालकाला त्या बाईचं नाव विचार. तो टाळेल. बेकरीवालीला त्यानं सांगितलं होतं, की तिला कुणीच नव्हतं, म्हणून कुणाला कळवलं नाही. असं कसं असेल गं? कुणीच नसलेलं माणूस जन्माला तरी कसं येईल? कुठंतरी कुणीतरी फोन येत नाही म्हणून तिच्यावर रागावून बसलेलं असेल. माझा फोन एका अनोळखी बाईनं पिठाच्या हातानं उचलला आणि ती जिना चढून गेली. त्या इस्त्रीवालीसाठी कुणी गेलं नाही, तरी ती माझ्या लेकीसाठी उठली. मालक नाहीच बोलला तर ती जिथं इस्त्रीचं काम करायची तिथं जा, तिथं कुणाला तरी माहीत असेल. नाव मिळव, गाव मिळव. तिला जन्म देणारी म्हातारी अजून असेल तर मला स्वतः जाऊन तिला सांगायचं आहे, की तुझ्या मुलीनं काय केलं. ठमे, मला तिच्या आईचा पत्ता हवा आहे.

तुझीच,
आई